शंकर पुरुषोत्तम आघारकर : उन्हाळ्याच्या सुटीने घडविलेला शास्त्रज्ञ

पुण्यातील गोपाळ गणेश आगरकर मार्गावर आघारकर संशोधन संस्था उभी आहे. रस्त्याच्या आणि संस्थेच्या नावांत एका अक्षराचेच काय ते अंतर असल्यामुळे दोन्ही नावे एकाच थोर पुरुषाची असावीत, असा अनेकांचा समज होतो. वास्तविक रस्ता ‘सुधारक’कर्त्या आगरकरांच्या नावाचा आहे. ते टेंभूचे, आणि १८९५ साली, ऐन उमेदीत, हे जग सोडून गेलेले. संस्था आहे ती शंकर पुरुषोत्तम आघारकर या वनस्पतिशास्त्रज्ञाची. कोकणात जन्म, कर्नाटकात शालेय शिक्षण, मुंबईत उच्च शिक्षण, बंगालमध्ये तीन दशकांची अध्यापनसेवा आणि उतारवयात पुण्यात एका संस्थेची स्थापना, असा त्यांच्या आयुष्याचा प्रवास झाला. महाराष्ट्राबाहेर राहूनही ज्यांनी मराठी नाव मोठे केले त्यांच्या मालिकेत आघारकरांचे स्थान वरचे आहे. तरी त्यांची आठवण आज बहुधा वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांपुरतीच उरली आहे.

शंकररावांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवण येथे झाला. धारवाडच्या हायस्कुलात शिकून ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले आणि जीवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून त्याच कॉलेजात अध्यापन करू लागले. त्या काळच्या मुंबई विद्यापीठाचे मुख्य कार्य परीक्षा घेण्याचे होते. संशोधन हा अध्यापकाच्या नोकरीचा भाग मानला जात नसे. मुंबईतील विज्ञानाच्या शिक्षणासाठी स्वतंत्रपणे उभारलेली रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही संस्था प्रत्यक्ष सुरू व्हायला १९२० साल उजाडावे लागले. तोपर्यंत जीवशास्त्राच्या अध्यापकाने परदेशी पुस्तकातील आकृत्या फळ्यावर काढाव्यात, विलायतेतील प्राण्यांची व वनस्पतींची लक्षणे मुलांना पाठ करावयास लावावीत आणि उन्हाळ्याची सुटी लागली की गावी जावे, असा सर्वसाधारण क्रम होता. पंचविशी ओलांडलेल्या, नोकरीत नुकत्याच स्थिर झालेल्या तरुणाने हा क्रम पाळला असता तर त्यात कोणालाही वावगे वाटले नसते.

आघारकरांनी सह्याद्रीची वाट धरली. सवड मिळेल तेव्हा ते पश्चिम घाटात भटकंती करीत, आणि तिचा हेतू अभ्यासाचा असे. घाटमाथ्याच्या पूर्वेकडील उतारावर, सातारा जिल्ह्यातील मेढा या गावी, वेण्णा नदीच्या पाण्यात त्यांना जेलीफिश आढळले. साल होते १९११ किंवा त्याच्या आगेमागे.

या घटनेचे महत्त्व समजावे म्हणून थोडा विस्तार करणे आवश्यक आहे. जेलीफिश हा उघडलेल्या छत्रीसारखा, पारदर्शक, जवळजवळ सर्व शरीर पाण्याचेच असलेला प्राणी. मालवणच्या किनाऱ्यावर तो लाटांबरोबर वाहून येतो आणि कोकणातील पोरासोरांच्याही परिचयाचा असतो. परंतु तो खाऱ्या पाण्यातला. गोड्या पाण्यातील जेलीफिश ही जगातच दुर्मीळ गोष्ट होती. १८८० साली लंडनच्या एका उद्यानात, दक्षिण अमेरिकेतील महाकाय कमळे वाढविण्यासाठी बांधलेल्या हौदात असे प्राणी दिसले, तेव्हा युरोपातील प्राणिशास्त्रज्ञांत मोठी खळबळ उडाली होती. पुढे आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात लिम्नोक्निडा या गणाचे गोड्या पाण्यातील जेलीफिश सापडले आणि त्या खंडातील आणखी काही जलाशयांत त्यांचा पत्ता लागला. हा गण आफ्रिकेचाच, अशी समजूत त्यामुळे रूढ झाली. वेण्णा ही नदी महाबळेश्वरी उगम पावून माहुलीला कृष्णेस मिळते, म्हणजे तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जाते. त्या उपसागरापासून शेकडो कोसांवर, डोंगरातील एका लहान नदीत, आफ्रिकेच्या गणाचा प्राणी सापडावा ही गोष्ट कोणाच्या कल्पनेतही नव्हती.

तो तोपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता, यालाही एक साधे कारण होते. पावसाळ्यात घाटातल्या नद्या दुथडी भरून वाहतात. हिवाळ्यानंतर पाणी ओसरू लागते आणि चैत्र-वैशाखात प्रवाह तुटून खडकांच्या मधोमध डोह तेवढे उरतात. पाणी संथ होते, तापते. जेलीफिशच्या जीवनक्रमातील एक अवस्था दगडाला चिकटून राहणाऱ्या अगदी सूक्ष्म देहाची असते. ती सहजासहजी नजरेस येत नाही. छत्रीच्या आकाराची तरंगणारी अवस्था याच उष्ण दिवसांत प्रकट होते आणि पहिला मोठा पाऊस पडून नदीला लोंढा आला की नाहीशी होते. एप्रिल आणि मे हेच तिचे मुख्य दिवस. अभ्यासू लोक कॉलेजांत नसतात, परीक्षा आटोपलेल्या असतात आणि शहाणी माणसे उन्हात बाहेर पडत नाहीत, नेमके तेच हे दिवस. जून महिन्यात कॉलेजे उघडण्याच्या सुमारास डोहांचे दर्शनच बंद होते. सत्र चालू असताना या प्राण्याचा शोध लागणे जवळजवळ अशक्य होते. तो सुटीतच लागायचा होता.

मिळालेले नमुने घेऊन पुढे काय करावे, हा खरा कसोटीचा प्रश्न होता. उत्साही तरुणाकडून या ठिकाणी दोन प्रकारच्या चुका होतात. एक तर तो आपला शोध कपाटात ठेवून देतो, नाहीतर घाईने नाव देऊन मोकळा होतो. आघारकरांनी दोन्ही टाळले. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे अधीक्षक नेल्सन ॲनंडेल हे गोड्या पाण्यातील प्राण्यांचे त्या काळचे हिंदुस्थानातील सर्वांत जाणते अभ्यासक. पुढे १९१६ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण विभाग स्थापन झाला तेव्हा त्याचे पहिले संचालकपद त्यांच्याकडेच आले. वेण्णेतील प्राण्याची तपासणी ॲनंडेल यांनी केली, तो नवी जाती असल्याचे ठरविले आणि १९१२ साली त्याचे शास्त्रीय वर्णन लिम्नोक्निडा इंडिका या नावाने प्रसिद्ध झाले. लंडनच्या ‘नेचर’ साप्ताहिकातूनही या शोधाची वार्ता जगभर गेली आणि मुंबईच्या कॉलेजातील एक तरुण अध्यापक एकदम शास्त्रज्ञांच्या ओळखीचा झाला.

१९१२ च्या एप्रिल-मे महिन्यांत म्युझियमचे साहाय्यक अधीक्षक फ्रेडरिक ग्रेव्हली स्वतः साताऱ्याकडे आले. मेढा आणि कोयनेच्या खोऱ्यातील हेळवाक या परिसरात त्यांनी प्राण्यांचे नमुने गोळा केले. आघारकर आणि ग्रेव्हली या दोघांनी मिळून या जेलीफिशच्या सवयी आणि त्याचा प्रसार यांविषयीची टिपणे म्युझियमच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. या टिपणांचे मोल नुसत्या नावनिशीहून अधिक आहे. प्राणी सापडणे हा काही अंशी दैवाचा भाग असतो. तो कोणत्या डोहात आहे आणि कोणत्या नाही, केव्हा दिसतो, केव्हा लोपतो, हे पाहण्यासाठी मात्र पुन्हा त्याच उन्हात त्याच नदीकाठी जावे लागते. पहिल्या सापडण्यातून दुसरी फेरी निघाली, दुसऱ्या फेरीतून सहकारी मिळाला आणि सहकाऱ्याच्या मागे एक मोठे संग्रहालय उभे होते. आघारकरांनी पुढे त्या म्युझियममध्ये प्राणिशास्त्रीय तंत्रांचे शिक्षणही घेतले. स्वतः अध्यापक असलेल्या माणसाने सूक्ष्म छेद घेण्याचे यंत्र हाताळण्यासाठी पुन्हा विद्यार्थी होणे, यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

जबलपूरच्या वाचकाला या प्रकरणात आणखी एका कारणाने रस वाटावा. एकच गण आफ्रिकेत आणि हिंदुस्थानात कसा, या कोड्याचा विचार करताना भूशास्त्रज्ञांच्या मनात जो शब्द येतो तो मध्य प्रांतातच जन्मलेला आहे. गोंडांच्या राज्यावरून गोंडवन हे नाव भूशास्त्रात गेले आणि दक्षिणेकडील प्राचीन महाखंड गोंडवनभूमी या संज्ञेने जगभर ओळखला जाऊ लागला. त्या गोंडांचा मदनमहाल दीक्षितपुऱ्यापासून काही मैलांवर आजही उभा आहे. १८२८ साली जबलपूरच्या छावणीत असलेल्या स्लीमन यांना बडा शिमला टेकडीपाशी जे अश्मीभूत हाडांचे तुकडे मिळाले, ते हिंदुस्थानातील डायनोसॉरचे पहिले ज्ञात अवशेष होत. लम्हेटाघाटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या थरांतील प्राण्यांचे नातेही अभ्यासकांनी मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेतील प्राण्यांशी जोडले आहे. मेढ्याच्या इवल्या जेलीफिशचे कोडे याच मार्गाने सुटेल असे नाही. इतका नाजूक जीव आपल्या सूक्ष्म अवस्थेत अन्य मार्गांनीही दूरवर पोहोचू शकतो. पण एका नदीच्या डोहातला प्रश्न खंडांच्या इतिहासापर्यंत जाऊन भिडतो, हे आघारकरांना विशी-तिशीच्या उंबरठ्यावर उमगले, आणि सजीव कोठून आला व येथवर कसा पोहोचला, या प्रश्नाने त्यांची पाठ पुढे सोडली नाही.

कलकत्त्यात त्याच सुमारास मोठ्या घडामोडी चालू होत्या. सर आशुतोष मुखर्जी विद्यापीठाचे विज्ञान महाविद्यालय उभारीत होते. नामांकित कायदेपंडित रासबिहारी घोष यांनी १९१३ साली दहा लाख रुपयांची देणगी दिली आणि तीतून गणित, भौतिकी, रसायन व वनस्पतिशास्त्र यांची अध्यासने निर्माण झाली. ही पदे भारतीयांनाच मिळावीत, अशी त्या देणगीची धारणा होती. वनस्पतिशास्त्राच्या घोष अध्यासनासाठी निवड झाली ती आघारकरांची. मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग १८७० साली जबलपुरातच एकमेकांस मिळाला होता. आता एक मालवणी माणूस त्या दोन शहरांतील ज्ञानाचे अंतर ओलांडून पलीकडे गेला. प्राण्याच्या शोधाने नाव झालेल्या माणसाला वनस्पतींचे आसन मिळाले, ही गंमतही नोंदविण्यासारखी आहे. मुखर्जींना पाठांतर केलेला प्राध्यापक नको होता. ज्याने स्वतः काही शोधले आहे असा माणूस त्यांना हवा होता, असेच त्यांच्या एकंदर निवडींवरून दिसते. सरकारी हिशेबखात्यातील रामन यांनाही त्यांनीच विद्यापीठात आणले.

अध्यासनाबरोबर परदेशी प्रशिक्षण आले. आघारकर १९१४ साली जर्मनीला गेले आणि महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. भौतिकीच्या घोष अध्यासनाचे देवेंद्र मोहन बसू हेही त्या वेळी जर्मनीतच अडकून पडले होते. हिंदुस्थानात नवे महाविद्यालय प्राध्यापकांची वाट पाहत होते आणि प्राध्यापक युद्धाच्या पलीकडील तीरावर होते. हाती आलेले पद, अभ्यासाची उमेदीची वर्षे आणि घरी परतण्याची खात्री, तिन्ही एकाच वेळी टांगणीला लागली. अशा अवस्थेत आघारकरांनी अभ्यास तडीस नेला. १९१९ मध्ये बर्लिन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. थोर वनस्पतिशास्त्रज्ञ एंग्लर हे तेथील त्यांचे गुरू.

त्यांच्या प्रबंधाचा विषय पाहिला की मेढ्याची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. वायव्य हिंदुस्थानातील कोरड्या आणि क्षारयुक्त जमिनीत वाढणारी झुडपे व वृक्ष यांची बीजे कोणत्या साधनांनी पसरतात आणि मुळात या वनस्पती कोठून आल्या, याचा शोध त्यांनी त्यात घेतला. वाऱ्यावर उडणारी पंखयुक्त बीजे, जनावरांच्या अंगाला चिकटणारी काटेरी फळे, पक्ष्यांच्या पोटातून दूरदेशी जाणारी बोरे, यांची पद्धतशीर छाननी करून वनस्पतींच्या प्रवासाचा माग काढावयाचा, असा तो उद्योग होता. प्राण्याच्या जागी वनस्पती आली, डोहाच्या जागी वाळवंट आले, प्रश्न तोच राहिला.

सुटीतील अशा एखाद्या कामाचा उपयोग नेमका कोणता, हे ठरविताना यशाकडेच पाहण्याची सवय असते. अपयशाचाही उपयोग असतो, याचे एक बोलके उदाहरण आघारकरांच्याच कलकत्त्यातले आहे. १९२८ च्या उन्हाळ्यात मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील एक सतरा वर्षांचा विद्यार्थी आपल्या काकांच्या प्रयोगशाळेत सुटी घालविण्यास आला. काका म्हणजे रामन, आणि विद्यार्थी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. प्रयोगाच्या कामात त्याचा हात बसेना. यंत्रे आपली नव्हेत, हे त्याला त्या सुटीत कळून चुकले. परंतु तेथील तरुण संशोधकांच्या सहवासात त्याचे वाचन वाढले आणि ताऱ्यांच्या अंतर्भागाशी निगडित असा त्याचा पहिला शोधनिबंध त्याच वर्षी छापून आला. कॉलेजच्या चार वर्षांत जे उमगले नसते ते त्याला दोन-तीन महिन्यांत समजले. अलीकडे देशातील विज्ञान अकादमींनी विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्त्या ठेवल्या आहेत, मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही पदवीच्या विद्यार्थ्यांना सुट्यांत संशोधकांच्या हाताखाली काम करता येते. बारावीची परीक्षा मार्चमध्ये आटोपते आणि महाविद्यालये जुलैच्या सुमारास उघडतात. शिकवणीवर्गांनी काबीज केलेला हा काळ मुळात कोणाचा होता, हे चंद्रशेखर आणि आघारकर यांच्या हकिकतींवरून ध्यानात येते.

कलकत्त्यातील दीर्घ सेवेत आघारकरांनी वनस्पतिशास्त्राचा विभाग उभा केला. भारतीय विज्ञान काँग्रेसच्या संघटनेचे कष्टाचे, कौतुक न होणारे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. १९३५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेच्या प्रारंभीच्या सदस्यांतही त्यांचे नाव आहे. या काळाचा तपशील येथे देण्याचे प्रयोजन नाही. विभाग चालविणाऱ्या माणसाचे आयुष्य बहुतांशी कागदपत्रांत आणि सभांत जाते, आणि त्याचे फळ इतरांच्या नावावर जमा होते.

१९४६ साली ते निवृत्त झाले तेव्हा त्यांचे वय एकसष्ट होते. निवृत्तिवेतन घेऊन विसावण्याच्या वयात त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची स्थापना केली. कलकत्त्यात महेंद्रलाल सरकारांनी १८७६ साली अशाच नावाची संस्था काढली होती, आणि तेथेच पुढे रामन यांनी आपला जगप्रसिद्ध शोध लावला. महाराष्ट्रात मात्र विद्यापीठाबाहेर, सरकारी खात्याबाहेर, मूलभूत संशोधनाला वाहिलेली अशी जागा जवळजवळ नव्हती. मेढ्याचे नमुने घेऊन सल्ल्यासाठी कलकत्त्याकडे धाव घ्यावी लागलेल्या माणसाला ही उणीव इतरांपेक्षा अधिक तीव्रतेने जाणवली असेल, तर नवल नाही. संस्थेला प्रारंभी स्वतःची इमारतही नव्हती. पुण्याच्या विधी महाविद्यालयाने जागा दिली आणि कायद्याच्या पुस्तकांच्या शेजारी वनस्पतींचे शुष्क नमुने आणि बुरशींच्या कुप्या मांडल्या गेल्या. पैशाची चणचण कायमची होती. आघारकर संस्थापक-संचालक म्हणून विनावेतन राबले. १९६० साली त्यांचे निधन झाले तोवर, म्हणजे चौदा वर्षे, हा संसार त्यांनी चालविला.

१९९२ साली विज्ञानवर्धिनीच्या संशोधन संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. संस्थेतील वनस्पतिसंग्रहही त्यांच्या नावाने ओळखला जातो, आणि बुरशींचा संग्रह त्यांच्याच पिढीतील कवकशास्त्रज्ञ आजरेकर यांच्या नावाने. वेण्णेवर आता कण्हेरचे धरण आहे आणि कोयनेवर त्याहून कितीतरी मोठे. ज्या खोऱ्यांत प्रवाह तुटून डोह उरत, त्यांतील बराच भाग जलाशयांनी व्यापला आहे. लिम्नोक्निडा इंडिका हे नाव मात्र प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत कायम आहे, आणि पश्चिम घाटातील इतर नद्यांतूनही त्या जेलीफिशच्या नोंदी झाल्या आहेत.

संस्थेचे एक काम मध्य प्रदेशातील शेतकऱ्याच्याही जवळचे आहे. गहू आणि सोयाबीन यांचे सुधारित वाण तेथे तयार होतात आणि विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ते एमएसीएस या नावाने ओळखले जातात. जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठाचे जेएस ३३५ हे सोयाबीन विदर्भ-मराठवाड्याच्या शेतांत पोहोचले, तसे पुण्याचे एमएसीएस वाण इतर प्रांतांत गेले. बियाण्याच्या पिशवीवरील त्या चार अक्षरांमागे मालवणचा एक अध्यापक आणि सातारा जिल्ह्यातील नदीचा एक डोह आहे, हे ती पिशवी उघडणाऱ्याला सहसा ठाऊक नसते.